दोन तासांचा हिशेब: परदेशात नव्याने शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं प्रकरण

ही हकीगत तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने लिहितेय. शाळा, गाव, ओळख पटेल असं सगळं वगळलंय. आकडे मात्र तिच्या वहीतलेच आहेत. मी पुण्यात ३१ वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या घरी नव्या शिक्षकांना भेटते. या भेटींना येणाऱ्यांमध्ये आता परदेशी नोकरी धरणारे बरेच असतात. त्यांनी हे वाचावं, आणि त्यांच्या घरच्यांनी तर नक्कीच वाचावं.

ती माझी विद्यार्थिनी. बी.एस्सी., बी.एड., कोथरूडच्या एका सेमी इंग्रजी शाळेत दीड वर्षाचा अनुभव. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषाशिक्षकांना तिथल्या ‘क्यूटीएस’साठी, म्हणजे पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी, थेट अर्ज करायची वाट खुली केली. तिने त्या वाटेने दर्जा मिळवला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत ती रुजू झाली. जाताना घरच्यांनी कर्ज काढलं होतं. सोसायटीत पेढे वाटले होते. या दोन्ही गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरल्या.

नोव्हेंबरमध्ये एकदा पहाटे अडीचला तिचा मेसेज आला. तिच्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले. एकच ओळ होती: “बाई, मला मुलांचं आता काहीच वाटत नाही.”

सकाळी फोन केला तेव्हा तिने सांगितलं, आणि ते ऐकताना मी चहाचा कप खाली ठेवला. सातवीचा एक मुलगा तास संपल्यावर थांबला होता. घरी काहीतरी बिनसलं होतं, रडत होता. ती त्याच्या समोर उभी होती, आणि तिच्या मनात एवढंच आलं की आता याचा आणखी एक फॉर्म भरावा लागणार. मुलगा गेल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. कोथरूडला असताना डबा न आणलेल्या मुलाला स्वतःच्या डब्यातली पोळी देणारी ही मुलगी.

बर्नआउट म्हणजे फार काम झाल्याने आलेला थकवा, असं आपण समजतो. तो त्याचा एक तृतीयांश भाग झाला. क्रिस्टिना मॅस्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात: पार गळून जाणं, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबद्दल मन कोरडं पडणं, आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नोंद जवळपास अशीच केली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलंय. म्हणजे कारण माणसाच्या स्वभावात शोधण्याआधी कामाच्या ठिकाणी शोधायचं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरीही पहिली चूक मीच केली.

मी तिला प्राणायाम सांगितला. सकाळी लवकर उठून अर्धा तास चालायला जा म्हटलं, इथे आम्ही हनुमान टेकडीवर जातो तशी. तिने ते मनापासून केलं, कारण बाईंनी सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी कळलं की सहाला उठणारी मुलगी चालण्यासाठी साडेपाचला उठत होती. नोव्हेंबरात तिथे सातपर्यंत अंधार असतो. झोप आणखी अर्ध्या तासाने कमी झाली होती, आणि न केलेल्या कामांच्या यादीत माझ्या दोन कामांची भर पडली होती. ज्याच्या ताटात आधीच जास्त वाढलंय त्याला आपण आग्रहाने आणखी वाढत होतो, हे मला त्या दिवशी उमगलं. तेव्हापासून मी कुणाही थकलेल्या शिक्षकाला आधी वही घ्यायला सांगते.

वही म्हणजे साधी चौकटीची. आठवडाभर दर अर्ध्या तासाला काय केलं ते एका शब्दात लिहायचं. तिने रविवारी रात्री त्या पानांचे फोटो पाठवले आणि मी इकडे सोमवारी सकाळी बेरीज केली. शाळेत सव्वासात ते पावणेसहा, पाच दिवस, म्हणजे साडेबावन्न तास. चार रात्री घरी तीन-तीन तास, म्हणजे बारा. रविवारी पाच. एकूण साडेएकोणसत्तर. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेतल्या शिक्षकाला मुख्याध्यापक वर्षात १९५ दिवस आणि १,२६५ तासांपर्यंतच कामाला बोलावू शकतात. त्यापलीकडे तयारी आणि तपासणीला लागेल तेवढा वेळ शिक्षकाने द्यायचा असतो. म्हणजे कागदावर हद्द आहे आणि तिच्या पलीकडचं रान मोकळं आहे. नवा माणूस हरवतो तो याच रानात.

आता वहीतली पानं बारकाईने बघू.

बारा तास वह्या तपासण्यात जात होते. सहा वर्ग, प्रत्येकी तीस मुलं, १८० वह्या, दर वहीला चार मिनिटं, आणि हे दर आठवड्याला. मी विचारलं, तुमच्या शाळेचा नियम काय आहे? तिला माहीत नव्हतं. वह्या दर आठवड्याला तपासायच्या हे तिने गृहीतच धरलं होतं, कारण कोथरूडला पर्यवेक्षक तसं बघायचे, आणि त्याआधी मी तसं बघायचे. तिने शाळेचं धोरण काढून वाचलं. दोन आठवड्यांतून एकदा, तेही निवडक कामच, असं त्यात लिहिलं होतं. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने नेमलेल्या गटाने २०१६ मध्येच म्हटलंय की तपासणी अर्थपूर्ण, झेपणारी आणि मुलांना हुरूप देणारी असावी. हिरव्या पेनने पानभर मजकूर लिहावा असं कुणीच सांगितलेलं नव्हतं. वहीवर बाईंची सही नाही म्हणजे बाईंनी काम केलं नाही, हा धाक तिने पुण्याहून सोबत नेला होता. तो आम्हीच तिच्या बॅगेत भरून दिला होता, लोणच्याच्या बरणीसारखा नीट बांधून.

दुसरे तेरा तास पाठाच्या तयारीत. विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये प्रत्येक घटकाच्या तयार स्लाइड होत्या. ती त्या उघडायचीसुद्धा नाही. “दुसऱ्याचं टाचण उतरवून काढल्यासारखं वाटतं, बाई.” आपल्याकडे ज्याने टाचण वही, म्हणजे पाठाच्या तयारीची वही, भरली आहे त्याला हे वाक्य समजेल. टाचण स्वतःच्या हाताचं हवं, नाहीतर तपासणीच्या वेळी मान खाली. तिथे मात्र ते फोल्डर सगळ्यांनी वापरावं म्हणूनच ठेवलेलं होतं, आणि विभागप्रमुख बाईंना ही मुलगी ते का वापरत नाही याचं नवल वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही.

तयारीला एवढा वेळ का लागायचा याला आणखी एक कारण होतं आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. पहिल्या आठवड्यात तिने फळ्यावर लिहिलं आणि म्हणाली, “थ्री इंटू ट्वेल्व्ह.” आपल्याकडे याचा अर्थ तीन गुणिले बारा. वर्गातली अर्धी मुलं म्हणाली चार. ती म्हणाली छत्तीस. मुलं हसली. तिथे ‘इंटू’ म्हणजे बारामध्ये तीन किती वेळा जातो, म्हणजे भागाकार. तीन महिने झाले तरी तिला ते हसू ऐकू येत होतं. त्यानंतर ती प्रत्येक पाठाचं प्रत्येक वाक्य आधी लिहून काढायची, मोठ्याने म्हणून बघायची, मगच वर्गात जायची. तास पन्नास-साठ मिनिटांचा, तालीम दीड तासाची. हे कुठल्याच नियमात बसत नाही. ज्या भाषेत आपण पोटतिडकीने शिकवलं तीच अचानक परकी झाली की माणूस अशी तालीम करतो.

मग तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे प्रकरण मी लिहायला घेतलं.

नव्या शिक्षकाला इंग्लंडमध्ये दोन वर्षांचा ‘इंडक्शन’, म्हणजे उमेदवारीचा, काळ असतो. सप्टेंबर २०२१ पासून तो एका वर्षावरून दोन वर्षांचा झाला. या काळात त्याचा तासिकांचा भार कमी ठेवणं शाळेवर बंधनकारक आहे: पहिल्या वर्षी दहा टक्के कमी, दुसऱ्या वर्षी पाच टक्के. शिवाय तयारीसाठी प्रत्येकच शिक्षकाला शिकवण्याच्या वेळेच्या किमान दहा टक्के वेळ राखून मिळतो, तो वेगळा. पहिल्या वर्षी दर आठवड्याला मार्गदर्शक शिक्षकाबरोबर बैठक. हे सगळं तिच्या नेमणुकीच्या कागदांत होतं. मी तिला म्हटलं, अगं, तू गणिताची आहेस, मांड ना. शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याला २५ तास. त्यातून तयारीचे दहा टक्के गेले की अनुभवी शिक्षकाला साधारण २२. त्याच्या दहा टक्के कमी म्हणजे २०. तुला किती आहेत?

बावीस. शिवाय गैरहजर शिक्षकांच्या जागी आठवड्यातून दोन-तीन बदली तास, जे तिथे शिक्षकांना क्वचितच द्यायचे असतात. मार्गदर्शकाची बैठक आठ आठवड्यांत तीनदा झाली होती.

“तुला हे कधी कळलं?” मी विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “सप्टेंबरातच.”

सप्टेंबरातच कळलं होतं आणि ती गप्प बसली होती. इथल्या प्रत्येक शिक्षणसेवकाने गिरवलेला हा धडा आहे. तीन वर्षं मान खाली घालून काढायची, कायम होईपर्यंत कुणाच्या नजरेत यायचं नाही. तिथे भीतीची कारणं आणखी खरी होती. तिचा व्हिसा त्या शाळेशी बांधलेला. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी शाळा शोधायची नाहीतर परत यायचं. इंडक्शनमध्ये नापास झालं तर सरकारी शाळेत शिकवताच येत नाही. इकडे कर्जाचा हप्ता आणि सोसायटीत वाटलेले पेढे. अशा वेळी “मला दोन तास जास्त लागलेत” म्हणणं म्हणजे “मला झेपत नाही” अशी कबुली देणं, असं तिला वाटत होतं. माझं ठाम मत आहे की ती थकली ती या समजुतीने. दोन तासांचा बोजा तिने कसाही उचलला असता. हक्काचं आहे हे माहीत असून रोज तोंड दाबून राहण्याचा बोजा मात्र वहीत दिसत नाही आणि रविवारी रात्री झोपू देत नाही.

पत्र लिहायला बसलो. तिचा पहिला मसुदा म्हणजे आपल्याकडचा रजेचा अर्ज होता: नम्र विनंती, कृपया विचार व्हावा, त्रासाबद्दल क्षमस्व, शाळेची मी ऋणी आहे, आणि मुद्दा सातव्या ओळीत. आम्ही व्हिडिओ कॉलवर एकेक ओळ कापली. ती तेव्हा वर्गातच बसली होती, अंगात कोट, मागे काळी खिडकी. साडेचारलाच तिकडे रात्र झाली होती. मध्येच शिपाईकाका दारात येऊन किल्ल्या वाजवून गेले. शेवटी तीन वाक्यं उरली: माझ्या वेळापत्रकात २२ तास आहेत. इंडक्शनच्या पहिल्या वर्षात ते २० असायला हवेत. हे कधीपासून दुरुस्त होईल आणि मार्गदर्शकाची बैठक कोणत्या वारी पक्की करायची, ते कळवावं. क्षमा नाही, तक्रारही नाही. पत्र इंडक्शन बघणाऱ्या शिक्षिकेला पाठवलं. त्या आठवड्यात ती तिथल्या शिक्षक संघटनेची सभासदही झाली. तिथे बहुतेक शिक्षक कुठल्या ना कुठल्या संघटनेत असतात, त्यात भांडखोरपणा कुणाला दिसत नाही. हे तिला तिच्याच स्टाफरूममधल्या एका सरांनी सांगितलं.

उत्तर यायला चार दिवस लागले. त्या चार रात्री तिला नीट झोप नव्हती, मलाही नव्हती. उत्तर आलं: वेळापत्रक करताना चूक झाली, जानेवारीपासून दोन तास कमी होतील, बदली तास थांबतील, बैठक मंगळवारी. व्हिसाबद्दल अवाक्षर नाही. जानेवारीपर्यंत थांबावं लागलं हे मला आजही पटत नाही. सापडलेली चूक दुसऱ्या दिवसापासून सुधारता आली असती. पण तिने तेवढ्यावर समाधान मानलं आणि निर्णय तिचा होता.

तब्येतीचं वेगळं सांगायला हवं. व्हिसा काढताना तिने तिथल्या आरोग्यसेवेचा वर्षाला १,०३५ पौंड अधिभार भरला होता आणि डॉक्टरकडे नाव मात्र नोंदवलं नव्हतं. वेळच मिळाला नाही म्हणाली. सकाळी उलटी आल्यासारखं होणं, पाळी लांबणं, रविवारी दुपारपासून छातीत धडधड, हे सगळं ती ‘हवामान’ म्हणून सोडून देत होती. मी या बाबतीत ऐकून घेतलं नाही. बर्नआउट आणि नैराश्य यांतली रेघ ओळखणं माझ्यासारखीचं काम नाही, डॉक्टरचं आहे. डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व कमी निघालं. तिथल्या हिवाळ्यात ते रोज दहा मायक्रोग्रॅम घ्यावं असा सरकारी सल्लाच आहे, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांना तर वर्षभर. डॉक्टरांनी एक आठवडा रजा घ्यायला सांगितली तेव्हा ती घाबरली, पण सात दिवसांपर्यंत तिथे डॉक्टरचा दाखलाही लागत नाही, आणि इंडक्शनच्या वर्षात रजा तीस दिवसांवर गेली तरच तो काळ लांबतो. तिने चार दिवस घेतले आणि त्यातले दोन झोपून काढले. ‘एज्युकेशन सपोर्ट’ या तिथल्या संस्थेची शिक्षकांसाठी चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन आहे. तिने एकदा तिथे फोन केला, अर्धा तास बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

आईचं प्रकरण सगळ्यात अवघड होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेचारावरून साडेपाच तासांवर जातं. ही रात्री नऊला मोकळी होणार आणि आई इकडे अडीचपर्यंत जागी राहणार, रोज. कॉलवर प्रश्न ठरलेला: “जेवलीस का गं?” उत्तर ठरलेलं: “हो.” अर्ध्या वेळा ती जेवलेली नसायची. आईला काळजी नको म्हणून ती खोटं बोलायची आणि लेकीला एकटं वाटू नये म्हणून आई जागायची. दोघी एकमेकींसाठी थकत होत्या.

मी तिच्या आईला घरी बोलावलं. त्या म्हणाल्या, “बाई, मी जागले नाही तर ती म्हणेल आई विसरली.” लेकीचं खरं काय चाललंय ते मी तिच्या संमतीने त्यांना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला आणि विचारलं, “मग आता हप्त्याचं काय करू, पुढे ढकलून मिळेल का, बँकेत विचारू?” ज्या भीतीने मुलगी तीन महिने गप्प होती तिच्यावर आईने दोन मिनिटांत हात घातला. बँकेने काही ढकललं नाही. पण त्या दिवसापासून हप्ता हा घरात बोलायचा विषय झाला. मामांनी चार महिने अर्धा भार उचलला. रोजचा कॉल बंद झाला. शनिवारी तिच्या सकाळी साडेसातला, म्हणजे पुण्यात दुपारी एकला, दोघी आपापल्या ओट्याशी उभ्या राहून बोलू लागल्या. एकदा मी तिथेच होते. आई आमटीला फोडणी देत होती आणि ती तिकडे पोह्यांना. दोघींच्याही मोहरीचा आवाज फोनवर येत होता.

आखाती देशांत किंवा मालदीवला जाणाऱ्यांनी यातले आकडे तसेच्या तसे घेऊ नयेत. तिथे करार वेगळे असतात. आपल्या करारात कायकाय लिहिलंय हे जायच्या आधी इथेच, शांतपणे, कुणा जाणत्याबरोबर बसून वाचावं. आमच्या शनिवारच्या भेटीत आता ते आधी होतं. पाठ घेऊन दाखवणं नंतर.

फेब्रुवारीच्या वहीत आठवड्याची बेरीज बावन्न तास आली. अजून जास्तच आहे. पण रविवारच्या रकान्यात रेघ मारलेली होती आणि त्या रेघेखाली तिने ‘काही नाही’ असं लिहिलं होतं, ठळक.

त्याच सुमारास सातवीच्या त्या मुलाचं पुन्हा नाव निघालं. तिने ‘इंटू’ची भानगड अखेर वर्गातच सांगून टाकली होती. फळ्यावर दोन रकाने केले, इथे काय म्हणतात आणि पुण्यात काय म्हणतात. मुलांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या रकान्यात आणखी शब्द मागू लागली. तिने दीड आणि अडीच सांगितले. त्या मुलाने हात वर केला आणि विचारलं, “मिस, म्हणजे तुमच्याकडे वन अँड अ हाफला स्वतःचं नाव आहे?” हे सांगताना ती हसत होती. मग तो सध्या कसा आहे, घरचं थोडं निवळलंय का, हे ती मला न विचारताच दहा मिनिटं सांगत राहिली. मी मधे बोलले नाही.

जुलैच्या शेवटी शाळांना सुट्टी लागल्यावर ती पुण्याला आली. पाऊस कोसळत होता. शनिवारी भिजलेली छत्री दाराशी टेकवून ती आत आली आणि खाली बसायच्या आधी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक. दुसऱ्या वर्षी पाच टक्के कमी, म्हणजे बावीसचे एकवीस. कागदावर बावीस होते. एका तासाभोवती तिने पेन्सिलीने गोल केला होता.

“मग?” मी विचारलं.

“निघायच्या आदल्या दिवशी मेल केला, बाई. विमानतळावर असतानाच उत्तर आलं. गुरुवारचा शेवटचा तास काढलाय.”